जुन्या बॅटरीला नवी जोडताना बेरीज कुठे चुकते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतील घरगुती सल्ल्यांच्या सदरात इन्व्हर्टरविषयी एक उपाय छापून आला आहे. जुनी बॅटरी तासाभरात मान टाकत असेल तर ती काढू नका. शेजारी तेवढ्याच क्षमतेची नवी बॅटरी ‘पॅरलल’मध्ये जोडा, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस. मग नवीचा पूर्ण बॅकअप मिळेल आणि जुनीचा उरलासुरला वर मिळेल, असे त्यात म्हटले आहे. ही बेरीज ऐकायला सरळ आहे, पण तारा जोडल्यावर ती तशी होत नाही. कशी होते हे पाहायला नववीतली रोधांची एकसर आणि समांतर जोडणी व थोडे अपूर्णांक पुरतात. बारावीच्या आणि पॉलिटेक्निकच्या मुलांना दोन-तीन व्होल्टेज स्रोतांच्या परिपथाची उगाच धास्ती वाटते. त्यांच्याही कामाचे म्हणून हिशोब पूर्ण मांडतो.

कोणतीही बॅटरी हिशोबापुरती दोन भागांची धरायची: एक ठाम व्होल्टेज आणि त्याला एकसर जोडलेला छोटा रोध. काहीही न जोडता, बॅटरीला विश्रांती देऊन मीटर जे दाखवतो ते पहिले. बॅटरीचा अंतर्गत रोध, केबल, लग आणि टर्मिनलचा सांधा यांची बेरीज म्हणजे दुसरा. नवी, पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.८ व्होल्ट आणि तिच्या शाखेचा एकूण रोध १० मिलिओहम धरू. जुनी, थकलेली बॅटरी १२.२ व्होल्ट आणि तिच्या शाखेचा रोध ४० मिलिओहम. आकडे तोंडी हिशोबासाठी गोल केले आहेत, पण घरातल्या मांडणीला सोडून नाहीत.

आता लोड शून्य. इन्व्हर्टर बंद, दोन्ही बॅटऱ्या नुसत्या एकमेकींना जोडलेल्या. व्होल्टेजचा फरक ०.६ आणि वाटेतला एकूण रोध ५० मिलिओहम, म्हणजे ०.६ भागिले ०.०५, बारा अँपिअर. घरात एक दिवाही लागलेला नसताना नवी बॅटरी जुनीला बारा अँपिअरने चार्ज करू लागते. जुनी जसजशी वर येते तसा हा आकडा उतरतो हे खरे. पण प्लेटांवर शिशाचे सल्फेट चढलेली बॅटरी चार्ज धरून ठेवत नाही. ती स्वतःशीच उतरत राहते आणि नवीकडून पुन्हा पुन्हा घेते.

आता इन्व्हर्टर चालू करू. चार पंखे, पाच-सहा एलईडी दिवे, एक टीव्ही. इन्व्हर्टरमधला अपव्यय धरून बॅटरीच्या बाजूने साधारण ५० अँपिअर ओढले जातील. यातले कोण किती देईल?

किरचॉफचे नियम (सांध्यात जेवढा प्रवाह येतो तेवढाच बाहेर जातो, आणि बंद फेरीतल्या व्होल्टेजची बेरीज शून्य) लावून उत्तर येतेच. १८४५ साली ते मांडले तेव्हा किरचॉफ स्वतः विद्यार्थी होता आणि ते नियम आजही अचूक आहेत. अडचण त्यांच्यात नाही, आपल्या सवयीत आहे. परिपथ दिसला की मुले लगेच तीन अज्ञाते घेतात, दोन फेऱ्या काढतात आणि तिसऱ्या ओळीत एक वजाचे चिन्ह हरवतात. समीकरण लिहिण्याआधी परिपथ घडी घालून लहान करता येतो का, हे आधी पाहायला हवे. तेच इथे करू.

लोड बाजूला काढून ठेवा. उरलेल्या प्रत्येक शाखेसाठी व्होल्टेजला रोधाने भागा. नवीचे १२.८ भागिले ०.०१ म्हणजे १२८० अँपिअर. जुनीचे १२.२ भागिले ०.०४ म्हणजे ३०५ अँपिअर. याचा अर्थ असा की, व्होल्टेज स्रोत आणि एकसर रोध या जोडीऐवजी तेवढ्या प्रवाहाचा स्रोत आणि तोच रोध समांतर जोडला, तरी बाहेरच्या जगाला फरक कळत नाही. १२८० हा आकडा पाहून दचकायचे कारण नाही. तो हिशोबाचा आहे. पण अगदीच काल्पनिकही नाही. बॅटरीच्या टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर प्रवाह याच आकड्याच्या आसपास जातो. म्हणून बॅटरीवर काम करताना अंगठी, कडे, घड्याळ आधी काढून ठेवावे.

समांतर प्रवाहस्रोतांची सरळ बेरीज होते: १५८५ अँपिअर. १० आणि ४० मिलिओहम समांतर म्हणजे ८ मिलिओहम. आता उलट फिरा. १५८५ गुणिले ०.००८ म्हणजे १२.६८ व्होल्ट. दोन बॅटऱ्या, चार केबली, आठ सांधे या सगळ्याच्या जागी उरले काय, तर १२.६८ व्होल्टचा एक स्रोत आणि ८ मिलिओहमचा एक रोध.

ताळा घ्यायचा असेल तर अध्यारोपणाने, म्हणजे एका वेळी एकच स्रोत धरून आणि उत्तरे मिळवून घ्या. जुनीचे व्होल्टेज शून्य धरले तर नवीमुळे १२.८ चे चार पंचमांश, म्हणजे १०.२४ व्होल्ट. नवीचे शून्य धरले तर जुनीमुळे १२.२ चा एक पंचमांश, म्हणजे २.४४. बेरीज १२.६८. स्रोत ‘शून्य धरणे’ म्हणजे बॅटरी उचलून बाजूला ठेवणे नव्हे. तिच्या जागी तार आणि तिचा अंतर्गत रोध तसाच ठेवायचा असतो. प्रवाहस्रोत शून्य करताना मात्र ती जागा उघडी सोडायची. परीक्षेत सर्वांत जास्त गुण याच अदलाबदलीत जातात. आणि वॅट असे वेगवेगळे काढून कधीही मिळवू नयेत, कारण वॅट प्रवाहाच्या वर्गाने चालतात.

आता ५० अँपिअरचा लोड परत जोडा. ८ मिलिओहमवर ०.४ व्होल्ट पडतील आणि इन्व्हर्टरला १२.२८ व्होल्ट मिळतील. हे व्होल्टेज हाती आले की मूळ चित्राकडे परत जायचे. नवीच्या शाखेत १२.८ वजा १२.२८ म्हणजे ०.५२, १० मिलिओहमने भागले की ५२ अँपिअर. जुनीच्या शाखेत १२.२ वजा १२.२८ म्हणजे उणे ०.०८, ४० मिलिओहमने भागले की उणे २ अँपिअर.

हे उणे चिन्ह म्हणजे हिशोबातली चूक नव्हे. पंखे, दिवे, टीव्ही चालू असताना जुनी बॅटरी काडीची मदत करत नाही, उलट दोन अँपिअर स्वतः पिते. घराचा सगळा भार आणि वर जुनीचा खुराक, दोन्ही नवीच्या माथी. जुनी हातभार लावायला कधी लागते? टर्मिनलचे व्होल्टेज १२.२ च्या खाली उतरेल तेव्हा. म्हणजे ०.४८ भागिले ०.००८, साठ अँपिअरच्या पुढे. शंभर अँपिअरला टर्मिनलवर ११.८८ व्होल्ट राहतात. नवी ९२ देते, जुनी ८. पुढे नवी उतरून जुनीच्या पातळीला आली की जुनीचा वाटा वाढतो. म्हणजे जुनीतले थोडेफार मिळते, पण नवीला आधी झिजवून.

विद्यार्थ्यांनी इथे एक खाचखळगा ओळखावा. घडी घातलेला परिपथ फक्त बाहेरच्या दोन टोकांपुरता खरा असतो. प्रवाहस्रोताच्या चित्रात १० मिलिओहमच्या रोधातून लोड नसताना १२६८ अँपिअर वाहताना दिसतील. तो बॅटरीचा प्रवाह नाही. बॅटरीचा प्रवाह १२८० वजा १२६८, म्हणजे बारा. आतल्या अपव्ययाचेही तसेच. समतुल्य परिपथाला लोड नसेल तर तो शून्य वॅट दाखवतो. प्रत्यक्षात त्याच वेळी बारा अँपिअरच्या फेऱ्यामुळे ७.२ वॅट उष्णता होऊन जातात. आतले काही विचारायचे असेल तर घडी उलगडावीच लागते.

या घडीला पुस्तकांत थेव्हेनिनचे प्रमेय म्हणतात. थेव्हेनिन हा फ्रान्सच्या तारखात्यातला अभियंता. त्याने ते १८८३ मध्ये मांडले. जर्मनीत हेल्महोल्ट्झने तीच गोष्ट तीस वर्षे आधी, १८५३ मध्ये लिहिली होती. तिची प्रवाहस्रोताची बाजू १९२६ मध्ये अमेरिकेत नॉर्टनने आणि जर्मनीत मायरने एकाच वर्षी मांडली. नाव मात्र नॉर्टनचे चिकटले. समांतर शाखांची ही थेट भागाकाराची रीत मिलमनच्या नावाने ओळखली जाते.

आता सल्ल्यातला खरा धोका: चार्जिंग. वीज आली, इन्व्हर्टरचा चार्जर १५ अँपिअर देऊ लागला. चार्जर म्हणजे आणखी एक प्रवाहस्रोत, समांतर जोडलेला. घडी आपल्याकडे तयार आहे: १२.६८ अधिक १५ गुणिले ०.००८, म्हणजे १२.८० व्होल्ट. नवीचे व्होल्टेजही १२.८०. म्हणजे नवीत शून्य अँपिअर, आणि पंधराच्या पंधरा अँपिअर जुनीत. जुनी वर येईपर्यंत नवीला चार्ज मिळतच नाही. दीडशे अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्यांना १५ अँपिअरचा चार्जर मुळातच अपुरा आहे. तीनशे भागिले पंधरा म्हणजे अपव्यय सोडूनही वीस तास. रोज वीज जाणाऱ्या गावात अशी नवी बॅटरी अर्धपोटीच राहते आणि तिच्याही प्लेटांवर सल्फेट चढते. मग ती लवकर गेली म्हणून दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही.

जुनीचा एक सेल शॉर्ट झालेला असेल तर आणखी वाईट. सहाऐवजी पाच सेल, म्हणजे साधारण १०.५ व्होल्ट. फरक २.३ व्होल्ट, फेऱ्यातला प्रवाह ४६ अँपिअर, टर्मिनलवर १२.३४ व्होल्ट. चार्जरचे १५ अँपिअर आले तरी व्होल्टेज १२.४६ वरच अडते. त्या वेळी चार्जर चालू असूनही नवीतून ३४ अँपिअर बाहेर पडत असतात, आणि चौतीस अधिक पंधरा असे ४९ अँपिअर त्या पाच सेलांत जातात. दर सेलवर जवळपास अडीच व्होल्ट पडतात. २.४ च्या पुढे पाणी फुटून हायड्रोजन सुटू लागतो. बॅटरी हाताला चटके देते, पाणी झपाट्याने उतरते, सडक्या अंड्यासारखा वास येतो. ती खोली बंद, आणि शेजारी देवघरात निरांजन, अशी घरे कमी नाहीत.

वरचे सगळे एका क्षणाचे चित्र आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. बॅटरीचे व्होल्टेज आणि रोध चार्ज होताना बदलतात, आणि इन्व्हर्टर हा काही साधा रोध नाही. व्होल्टेज पडले की तेवढेच वॅट पुरे करायला तो जास्त प्रवाह ओढतो. पण बदललेले आकडे घालून हाच भागाकार पुन्हा करता येतो, आणि निष्कर्षाची दिशा बदलत नाही.

ज्यांना हे डोळ्यांनी पाहायचे आहे त्यांनी मोठ्या बॅटऱ्यांना हात लावू नये. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एकसर जोडलेले दोन पेन्सिल सेल, एक किलोओहमचे पाच रेझिस्टर (तपकिरी, काळा, लाल आणि शेवटी सोनेरी पट्टा), एक ब्रेडबोर्ड आणि साधा मल्टिमीटर पुरे. नऊ व्होल्टच्या प्लसला एक रेझिस्टर, तीन व्होल्टच्या प्लसला एक रेझिस्टर, दोन्हींची दुसरी टोके एकत्र, मायनस एकत्र. घडी घातली तर ६ व्होल्ट आणि ५०० ओहम. आता एकत्र टोक आणि मायनस यांच्यामध्ये तिसरा रेझिस्टर लोड म्हणून लावा: ४ व्होल्ट. पेन्सिल सेलांच्या शाखेत एक मिलिअँपिअर उलटा, सेलांच्या आत. लोडला समांतर चौथा रेझिस्टर लावा: ३ व्होल्ट, सेलांचा प्रवाह शून्य. या स्थितीत सेल काढून घेतले तरी लोडच्या व्होल्टेजमध्ये काही फरक पडत नाही, हे मुलांना सांगून पटत नाही, पाहिल्यावर पटते. पाचवा लावा: २.४ व्होल्ट, आणि आता कुठे सेल ०.६ मिलिअँपिअर देऊ लागतात. थकलेल्या बॅटरीची कहाणी हीच.

प्रवाह मोजायला मीटर अँपिअरवर नेऊ नका. शाखेतल्या एक किलोओहमच्या दोन टोकांवर २० व्होल्ट डीसीच्या रेंजवर व्होल्टेज मोजा. जितके व्होल्ट तितके मिलिअँपिअर. मीटर अँपिअरवर ठेवून चुकून बॅटरीला लावला की आतला फ्यूज उडतो, आणि मग ‘प्रवाह शून्य येतो’ म्हणून तासभर परिपथ तपासत बसावे लागते. ताज्या नऊ व्होल्टच्या बॅटरीवर सव्वानऊ-साडेनऊ आणि दोन सेलांवर ३.१ च्या आसपास मिळेल, सोनेरी पट्टा म्हणजे रोधात पाच टक्के इकडेतिकडे. उत्तर तेवढे हलेल. पेन्सिल सेल चार्ज करण्यासाठी नसतात, म्हणून पहिली जोडणी मोजून लगेच सोडा.

मोठ्या परिपथासाठी चार गोष्टी. ज्या दोन बिंदूंमधले उत्तर हवे ते आधी ठरवा आणि घडी त्यांच्यापासून सर्वांत लांबच्या टोकाकडून सुरू करा. एकसर स्रोतांची बेरीज दिशेसह करा. एक बॅटरी उलटी असेल तर तिचे व्होल्टेज वजा होते, तिचा रोध मात्र मिळवायचाच. ज्या व्होल्टेज स्रोताला एकसर रोधच नाही त्याचे प्रवाहस्रोतात रूपांतर होत नाही, कारण शून्याने भागता येत नाही. अशा स्रोताच्या दोन टोकांवर थेट बसलेला रोध बाकीच्या परिपथापुरता खोडून टाकावा. आणि एकसर-समांतर काहीच जमत नाही असा त्रिकोण आडवा आला तर त्याचा तारा (स्टार, म्हणजे मधल्या एका बिंदूला जोडलेले तीन रोध) करावा: ३० ओहमचे तीन रोध त्रिकोणात असतील तर ताऱ्यात १० ओहमचे तीन. व्हीटस्टनचा सेतू समतोलात असेल तर मधला रोध काढून टाकायचा, एवढे बारावीच्या मुलांना येतेच.

आता ज्यांनी सल्ला वाचून नवी बॅटरी आणूनही ठेवली आहे त्यांच्यासाठी. दोन बॅटऱ्या समांतर जोडणे चूक नाही. विजोड बॅटऱ्या जोडणे चूक आहे. एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, एकत्र घेतलेल्या दोन बॅटऱ्या खुशाल जोडा. जोडण्याआधी दोन्ही स्वतंत्रपणे पूर्ण चार्ज करा, रात्रभर विश्रांती द्या आणि व्होल्टेज मोजा. फरक ०.१ व्होल्टपेक्षा जास्त नको. दोन नव्या शाखांचा रोध २० मिलिओहम धरला तर तेवढ्या फरकानेही पाच अँपिअर फिरतात. केबली सारख्या लांबीच्या आणि सारख्या जाडीच्या घ्या. २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरला ०.७ मिलिओहम, ६ चौरस मिलिमीटरच्या वायरचा जवळपास ३. बॅटरीच्या स्वतःच्या रोधाशी तुलना केली की वायरमन जाड केबलचा आग्रह का धरतो ते कळेल. इन्व्हर्टरचा प्लस एका बॅटरीवरून आणि मायनस दुसरीवरून घ्या, म्हणजे दोन्ही शाखांची वाट सारखी होते. प्रत्येक बॅटरीच्या प्लसला स्वतःचा फ्यूज हवा. एक बॅटरी आतून शॉर्ट झाली तर दुसरी तिच्यात रिकामी होताना तोच एक अडसर असतो. घरातल्या चार्जरला दोन बॅटऱ्या झेपतील का, हेही आधी पाहा.

जुनी तपासायची असेल तर हायड्रोमीटरने (सेलमधल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल पाहा. रीडिंगमध्ये ५० पॉइंटांपेक्षा जास्त फरक असेल तर ती बॅटरी कोणाच्याच जोडीला लावू नका. जोडल्यानंतरचा प्रवाह पाहायला क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवायचा मीटर) लागतो आणि तो डीसी मोजणारा हवा. बाजारातले बरेच स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या केबलवर शून्य दाखवतात. त्या शून्यावर विसंबून ‘फेऱ्यात काही नाही’ असे समजू नये. शाबूत पण क्षमता घटलेली जुनी बॅटरी वापरायचीच असेल तर तिला वेगळा छोटा चार्जर आणि वेगळे दोन-चार डीसी दिवे द्या. नाहीतर नवी घेताना दुकानात परत द्या. शिशाचे पैसे वजा होतात.

ज्यांच्याकडे २४ व्होल्टचा इन्व्हर्टर आहे त्यांना वाटेल की आपल्या बॅटऱ्या एकसर आहेत, आपला यात काय संबंध. एकसर जोडणीत फेऱ्याचा प्रवाह नसतो हे बरोबर, पण दोघींतून तोच प्रवाह जातो. कमजोर बॅटरी आधी रिकामी होते आणि दुसरी तिच्यातून प्रवाह ढकलत राहते. चार्जिंगलाही व्होल्टेज दोघींत समान वाटले जात नाही. तिथेही एक जुनी, एक नवी असे करू नये.

ज्या सदरात हा सल्ला आला त्याच सदरात, तेवढ्याच ठळक अक्षरांत दुरुस्ती छापावी, ही विनंती. जागा कमी असेल तर एवढेच छापा: ५० अँपिअरच्या लोडला नवी बॅटरी ५२ देते आणि जुनी २ घेते.

कळावे,
आपले,
विद्युत विषयाचे दोन अध्यापक